ओटीवरची पश्चिमेची खिडकी: एका दुरुस्तीची हकिकत

घर राजापूर तालुक्यातलं. दगडी चिऱ्याच्या भिंती, उतरतं छप्पर, सात खिडक्या. सातही खिडक्या सागाच्या, एकाच सुताराच्या हातच्या, घर बांधलं तेव्हाच बसवलेल्या. म्हणजे वय सगळ्यांचं सारखंच, नव्वदीच्या आसपास. त्यातली ओटीवरची, पश्चिमेच्या भिंतीतली खिडकी ‘गेली’ हे घरात सगळ्यांनी केव्हाच मान्य केलं होतं. काकांनी तिला आतून सुतळी बांधून ठेवली होती आणि पावसाळ्यात खाली पोतं अंथरलं जायचं.

खिडकी बसक्या उंचीची आहे. जमिनीवर बसलेल्या माणसाला बाहेरचं दिसावं एवढ्याच उंचीवर तिचा खालचा उंबरा. झडपं चार, खाली दोन आणि वर दोन, सगळी आत उघडणारी. खालची लावून वरची उघडी टाकली की वारा-उजेड येतो आणि गडग्यापलीकडून, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणापलीकडून, जाणाऱ्याला आत कोण आडवं झालंय ते दिसत नाही. बाहेरच्या अंगाला अर्ध्या इंचाचे उभे लोखंडी गज. ते मधल्या आडव्या लाकडी पट्टीतून आरपार जाऊन खाली उंबऱ्यात रुतवलेले.

खालच्या डाव्या झडपाची तळची आडवी पट्टी बोटानं दाबली तरी दबत होती. बिजागरीचे स्क्रू नुसतेच भोकात बसलेले, पकड कसलीच नाही. त्यामुळे झडप खाली उतरलेलं आणि उघडताना उंबऱ्यावर घासत होतं. उंबऱ्याला दोन गजांच्या बुडाशी लांब चिरा गेल्या होत्या. आतल्या गिलाव्यावर खिडकीखाली ओल चढल्याची तपकिरी रेघ होती. रंगाचे पापुद्रे सुटले होते.

सल्ले दोन आले. तालुक्याहून आलेल्या माणसानं माप घेऊन अ‍ॅल्युमिनिअमची स्लायडिंग सुचवली. गावातले मेस्त्री, जे वर्षानुवर्षं आमच्याकडे काम करतात, ते म्हणाले, “भाऊ, ही काढू या. मलेशियन साल लाकडाची चौकट करून देतो, पुढची पंचवीस वर्षं बघायला नको.” काका स्लायडिंगच्या बाजूनं झुकले होते, कारण तिला डासांची जाळी लगेच बसते. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पण दोन पट्ट्यांची स्लायडिंग कशीही सरकवली तरी निम्मीच खिडकी उघडी राहते आणि एप्रिल-मेमधल्या ओटीवर निम्मा वारा ही चैनीची नाही, झोपेची बाब आहे. जाळीची हलकी चौकट जुन्या खिडकीला बाहेरून फिरक्यांवर लावता येते. ती पुढे लावलीही.

चौकट काढण्याला मात्र मी वेगळ्याच कारणानं विरोध केला. जुन्या घरांत चौकट आधी उभी करायचे आणि भिंत तिच्याभोवती रचत न्यायचे. वरच्या आणि खालच्या आडव्या लाकडांची टोकं दोन्ही बाजूंना भिंतीत वीतभर शिरलेली असतात. ती उपटायची म्हणजे आजूबाजूचे चिरे हलणार. नवी चौकट त्या भगदाडात सिमेंटनं कोंबावी लागणार आणि ओल शिरायला नवी जागा तयार होणार. पंचवीस वर्षांची हमी देणाऱ्यानं ही भिंतीची गोष्ट धरलेली नसते.

आधी एक प्रश्न सुटायला हवा होता. सात बहिणींतली ही एकच का सडली? पूर्वेच्या खिडकीच्या उंबऱ्यात स्क्रूड्रायव्हर टोचला तर टोक आत जात नव्हतं. पश्चिमेच्या खिडकीत तो डाव्या कोपऱ्यात दीड इंच शिरला. लाकूड तेच, वय तेच. मग दोष वयावर किंवा लाकडावर घालण्यात अर्थ नव्हता. पुण्याहून येताना मी एका मित्राचा लाकडातली ओल मोजणारा मीटर आणला होता. चौकटीच्या वरच्या भागात आकडा १४-१५ टक्के दाखवत होता, तळाच्या कोपऱ्यात पंचविशीच्या पुढे, आणि तेही पाऊस जाऊन दिवाळी झाल्यावर. लाकूड कुजवणारी बुरशी साधारण वीस टक्क्यांच्या खाली वाढत नाही. म्हणजे ही खिडकी वर्षातले कितीतरी महिने त्या रेषेच्या वर राहत होती आणि बाकीच्या सहा खाली.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि वारा नैर्ऋत्येचा. पश्चिमेची भिंत तो अंगावर घेते हे कोकणात कुणालाच नवं नाही. म्हणूनच तर ज्येष्ठ लागायच्या आत या भिंतीला नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे. आत्याला ते काम पक्कं आठवतं. झाप भिंतीपासून हातभर लांब, बांबूच्या आडव्यांवर, म्हणजे झड झापावर आणि भिंत कोरडी. पुढे माडावर चढणारा मिळेना, विणणारं त्याहून मिळेना, आणि झाप बंद झाले. खिडकी मात्र झाप धरूनच केलेली होती. तिच्या सुतारानं ती उघड्या पावसात उभी राहील असं गृहीत धरलेलंच नव्हतं.

झाप गेल्यावर काही वर्षांनी पश्चिमेच्या बाजूचं छप्पर उतरवून पत्रा घातला. पत्रा घालणाऱ्यानं वळचण हातभर आखूड ठेवली, कारण तेवढ्यात पत्र्याची पूर्ण लांबी बसत होती. पागोळी आधी गडग्याकडे पडायची, ती आता भिंतीला लागून पडायला लागली. आणि त्याच सुमारास बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला.

या शेवटच्या गोष्टीचा उलगडा तांब्याभर पाण्यानं झाला. खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर सावकाश पाणी ओतलं आणि बघत बसलो. ते बाहेर पडायच्या ऐवजी मागे, चौकटीकडे सरकलं. गवंड्यानं कठड्याचा सिमेंटचा थर चौकटीपेक्षा बाहेरच्या कडेला पाव इंच उंच घेतला होता, हात सफाईदार दिसावा म्हणून कड गोल करून. उंबऱ्यापाशी एक डबकं साचलं. त्यातलं काही पाणी गजांच्या बुडाच्या भोकांत उतरलं, काही सिमेंट आणि लाकूड यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत शोषलं गेलं. सिमेंट आणि लाकूड एकमेकांना कधीच धरत नाहीत. लाकूड फुगतं-आकसतं, सिमेंट ढिम्म राहतं, फट पडतेच. चुन्यातही फट पडते, पण चुना पाणी पितो तसं परत सोडतोही. सिमेंटच्या पाठीमागे गेलेलं पाणी तिथंच लाकडाला बिलगून बसतं.

उरलेलं कारण रंगात होतं. सगळ्यात वर हिरवा ऑइल पेंट, खाली निळा, त्याखाली तांबूस. रंग लावणारा झडप जागेवरच ठेवून लावतो. त्यामुळे झडपाची तळाची कड, जी उंबऱ्याला टेकते, तिला नव्वद वर्षांत एकदाही ब्रश लागलेला नव्हता. उभ्या पट्टीची कापलेली टोकं नेमकी तिथंच उघडी पडतात आणि लाकूड कापलेल्या टोकातून पाणी जितक्या झपाट्यानं ओढतं तितकं अंगातून कधीच ओढत नाही. म्हणजे पाणी खालून बिनबोभाट आत शिरायचं आणि वर रंगाचे तीन-तीन जाड थर, त्यामुळे सुकून बाहेर पडायची वाट बंद.

हे सगळं मेस्त्रींना दाखवलं. ते पटलं असं नाही, पण तांब्यातलं पाणी मागे येताना बघून ते गप्प झाले आणि मग म्हणाले, “झडप देतो करून. उंबऱ्याचं तुमचं तुम्ही बघा.” अशी वाटणी ठरली. सांध्याचं काम त्यांच्याकडे, साफसफाई, गज, त्यांच्या बुडाशी भरायचं लुकण, रंग आणि चुना माझ्याकडे.

काम काढायचा मोसम महत्त्वाचा. पावसात झडप फुगून अडकतं आणि माणूस वैतागून सुताराला बोलावतो. सुतार रंधा मारून देतो, झडप छान फिरायला लागतं. मार्चमध्ये तेच झडप आकसतं आणि करंगळी जाईल एवढी फट दिसते. मग पुढच्या पावसात त्या फटीतून झड आत. आमच्या दुसऱ्या एका खिडकीचं असंच झालेलं आहे. म्हणून रंधा काय, सांधा काय, लाकूड कोरडं असताना. आम्ही मार्गशीर्षात हात घातला.

झडपं उतरवली. स्क्रूच्या खाचांत रंग भरलेला होता. तो आधी जुन्या करवतीच्या पात्याच्या टोकानं कोरून काढावा लागतो, नाहीतर स्क्रूड्रायव्हर घसरून खाच कायमची गोल होते. न हलणाऱ्या स्क्रूला हातोडीचा एक हलका ठोका, मग आधी किंचित घट्ट करून नंतर सैल. त्यातूनही दोन मोडलेच.

रंग काढताना घासण्याचा मोह आवरायचा. भारतात घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त असू नये हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असेल असं धरूनच चालावं. कोरडा पॉलिश पेपर मारला की त्याची धूळ घरभर होते. ब्लो-लॅम्पनं जाळला तर धूर त्याहून वाईट. मी सोलणीसारखी धार असलेली स्क्रेपरची पाती घेतली, लाकूड पाण्याच्या फवाऱ्यानं ओलं ठेवलं आणि खाली अंथरलेल्या प्लास्टिकसकट सगळे पापुद्रे गोळा करून पिशवीत बांधले. कोपऱ्यांत आणि नक्षीच्या खाचेत पेंट रिमूव्हर. घरात चुलतभावाचा लहान मुलगा होता, म्हणून हे काम ओटीवर न करता मागच्या खळ्यात केलं. उरलेला रंग घट्ट धरून होता तिथं तो तसाच ठेवला. सगळं लाकूड उघडं करून दाखवायचं हा हट्ट मला तरी कळत नाही.

आता झडप. जुन्या झडपाची रचना समजली की दुरुस्ती निम्मी होते. दोन उभ्या पट्ट्या, तीन आडव्या, आडव्यांच्या टोकाला कुसू (टोक बारीक करून काढलेली जीभ), तो उभ्याच्या खाचेत घातलेला आणि बांबूच्या मेखेनं आडवा अडकवलेला. खिळा एकही नाही. मधल्या चौकोनात सागाची फळी, चारही बाजूंनी खोबणीत नुसती सरकवलेली. ही फळी सुटी असते हे मुद्दाम सांगायला हवं. रुंदीत ती ऋतूप्रमाणे हलते. तिला कडेनं फेव्हिकॉल लावून पक्की केली की पुढच्या उन्हाळ्यात ती मधोमध तडकते. आमची फळी रंगानंच खोबणीत चिकटली होती. ती सोडवायला पातळ पात्याची सुरी चहूबाजूंनी फिरवावी लागली.

मेखा मेस्त्रींनी ड्रिलनं पोखरून काढल्या आणि लाकडी ठोकळा आड धरून हातोडीनं कुसू मागे ठोकले. कुजलेली तळपट्टी खाचेतून येताना तुटून हातात आली. वरच्या दोन आडव्या पट्ट्या मात्र नव्यासारख्या निघाल्या, आतून पिवळट तपकिरी, सागाचा तो तेलकट वास अजून शाबूत. उजव्या उभ्या पट्टीचं तळाचं टोक तीन बोटं सडलं होतं.

नवं लाकूड कुठून आणायचं यावर फार विचार करावा लागला नाही. गोठ्याच्या माळ्यावर जुन्या दाराची मोडलेली चौकट पडून होती. हल्लीच्या लवकर तोडलेल्या सागात पांढरट भाग पुष्कळ असतो आणि त्या पांढरट लाकडाला वाळवी सागाचा मान राखत नाही. जुन्या चौकटीत सगळा गाभा होता. कापायच्या आधी तिच्यावरून चुंबक फिरवून घेतला, कारण आत तुटलेले खिळे असतात आणि रंध्याचं पातं एका खिळ्यात संपतं. तीन खिळे निघाले.

मेस्त्रींनी नवी तळपट्टी केली ती बघण्यासारखी होती. कुसू पट्टीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाचा. खाचेच्या पट्टीतलं मेखेचं भोक आधी पाडलं, मग कुसू आत घालून त्या भोकातून गिरमिटाच्या टोकानं नुसती खूण केली आणि कुसू परत बाहेर काढला. कुसूतलं भोक त्या खुणेवर न पाडता खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथून सुरू होतो तिकडे, जेमतेम एक मिलिमीटर सरकवून पाडलं. बांबूची निमुळती मेख ठोकत गेलं की ती दोन्ही भोकांतून वाट काढताना कुसूला आत ओढते. शेवटच्या ठोक्याला सांध्यातली रेघ मिटताना डोळ्यांनी दिसली. सांधा आवळून धरायला शिकंजा लागला नाही.

इथं आमचं थोडं वाजलं. त्यांना सांध्यात फेव्हिकॉल भरायचा होता, मला नको होता. माझं म्हणणं असं की गोंद नव्हता म्हणूनच आपण ही पट्टी आज सोडवू शकलो. त्यांचं म्हणणं, गोंद नाही लावला आणि उद्या सांधा हलला तर लोक मला नावं ठेवतील. शेवटी नव्या तळपट्टीच्या सांध्यांत गोंद नाही, पण उभ्या पट्टीच्या टोकाला जे ठिगळ जोडलं तिथं आहे, असं ठरलं. ठिगळाला पर्यायच नव्हता. तिरकस काप घेऊन जोड जितका लांब तितकी पकड जास्त. आठ इंचांत एक इंच उतार असा काप घेतला. गोंद एपॉक्सी. सागाच्या अंगात तेल असतं, म्हणून रंधा मारलेला पृष्ठभाग थिनरनं पुसून लगेच जोडायचा, दुसऱ्या दिवसावर टाकायचा नाही.

उंबऱ्याचं काम जागेवरच करायचं होतं. गज आधी काढले. आमच्या खिडकीत वरच्या लाकडातली भोकं खोल आहेत. गज वर उचलला की खालचं टोक सुटतं आणि तो तिरका करून काढता येतो. डावीकडचे दोन गज गंजानं उंबऱ्यातच धरलेले होते. लोखंड गंजताना फुगतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. उंबऱ्याच्या चिरा पावसानं पाडलेल्या नव्हत्या, या दोन गजांनी आतून पाचर मारावी तशा पाडल्या होत्या. उंबरा कापून काढल्यावर त्यांची टोकं दिसली, पेन्सिलीएवढी बारीक झालेली. राजापुरातल्या वेल्डरनं तेवढाच तुकडा कापून त्याच जाडीच्या सळीचा नवा जोडून दिला. जोड घासून गोल केला. सगळ्या गजांना तारेच्या ब्रशनं खरवडून दोन हात रेड ऑक्साइड.

उंबऱ्यातला कुजका भाग पटाशीनं घट्ट लाकूड लागेपर्यंत काढत गेलो. किती काढायचं याची खूण सोपी आहे. पटाशीनं सुटणारी कपची लांब आणि धाग्याची निघाली की थांबायचं. चौकोनी तुकडे पडत आहेत तोवर कुज शिल्लक आहे. बाहेरच्या अर्ध्या रुंदीत सुमारे सव्वा फूट लांब खाच झाली. आतला अर्धा उंबरा शाबूत होता, म्हणून टोकं भिंतीतून काढावी लागली नाहीत. जोडाचा उतार कौलांसारखा ठेवला, वरचं लाकूड खालच्यावर चढलेलं आणि उघडी कड बाहेर-खाली, म्हणजे फट पडलीच तर पाणी तिच्यात शिरण्याऐवजी तिच्यावरून जाईल. तुकड्याची रेषा मूळ लाकडाच्या रेषेला समांतर धरली, नाहीतर दोन्ही वेगवेगळ्या दिशेनं फुगतात. ठिगळ बसवायच्या आधी खाचेत आणि ठिगळाच्या पाठीला बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं कोमट पाण्यातलं द्रावण दोनदा पाजून पूर्ण सुकू दिलं. हे औषध पावसानं धुऊन जातं, म्हणून त्याचा उपयोग फक्त झाकल्या जाणाऱ्या जागी.

मेस्त्रींनी इथं काजूच्या टरफलाच्या तेलाचा आग्रह धरला. आमच्याकडे होड्यांना आणि छपराच्या वाशांना ते लावतात आणि वाळवी त्याच्या वाटेला जात नाही हे खरं. पण ते अंगाला लागलं तर फोड येतात, आणि त्याच्यावर ऑइल पेंट किती धरेल याची मला खात्री वाटेना. ओटीवर जिथं लहान मुलं गजांना लोंबकळतात तिथं ते नको, असं म्हणून टाळलं.

गजांच्या भोकांचं तळ एपॉक्सीनं भरून वर बोटाच्या एका पेराएवढीच खोली ठेवली. त्यात जवसाचं तेल आणि खडूची पूड मळून केलेलं लुकण भरलं, गज बसवला आणि बाहेर आलेलं लुकण त्याच्या बुडाभोवती बोटानं उतरतं केलं. सगळ्या दुरुस्तीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं काम हेच, आणि ते सर्वांत स्वस्तही. लुकणावर रंग चढवायच्या आधी त्याला आठवडाभर तरी साय धरू द्यावी.

बिजागऱ्या जुन्याच ठेवल्या, लोखंडी पण जाड. रॉकेलमध्ये रात्रभर टाकून ब्रश मारला आणि चकचकीत निघाल्या. स्क्रू मात्र पितळी घेतले, सागातली द्रव्यं आणि ओल मिळून लोखंडाला काळं करतात आणि खातात. मोठी झालेली भोकं आगकाडीनं भरायची पद्धत सगळीकडे दिसते. आगकाडीचं लाकूड एवढं मऊ की स्क्रू दोन पावसाळे धरतो. आम्ही भोक साफ करून बांबूची गोल खिळी गोंदात ठोकली, कड सपाट केली आणि नव्यानं बारीक भोक पाडलं. पितळी स्क्रू नाजूक असतो, सागात जोर केला तर मान तुटते. त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी फिरवून वाट करायची, तो काढायचा, मग पितळी स्क्रूला मेण लावून हातानं बसवायचा. ड्रिल मशीन इथं बाजूला ठेवलेलं बरं.

रंगाचा निर्णय घरात सर्वांत जास्त चर्चेचा. चुलतभावाला नुसतं तेलपाणी करून लाकूड दिसायला हवं होतं. कोकणाच्या दमट हवेत जवसाच्या तेलावर बुरशी आनंदानं वाढते आणि पश्चिमेच्या बाजूला तर श्रावणापर्यंतच लाकूड काळं पडतं. म्हणून तोडगा असा: आतल्या अंगाला तेल, बाहेरच्या अंगाला तेलाचा एक पातळ हात, त्यावर प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन पातळ हात. कापलेली टोकं आणि तळाची कड यांना मात्र तेल पिईल तितकं पाजलं आणि झडपं टांगायच्या आधी, ती उलटी करून, तळाच्या कडेला तिन्ही हात दिले. झडप आणि उंबरा यांत तीन मिलिमीटरची मोकळीक ठेवली.

तेलाच्या चिंध्यांबद्दल दुकानदार सांगत नाही ते इथं सांगतो. उकळलेल्या जवसाच्या तेलानं भिजलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकलं तर ते सुकताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. फडकी दोरीवर एकेक सुटी पसरून सुकवायची किंवा पाण्यानं भरलेल्या डब्यात बुडवायची. खळ्यात शेजारीच पेंढा रचलेला होता, तेव्हा हे आम्ही फारच मनावर घेतलं.

बाहेरच्या कठड्यावरचं सिमेंट छिन्नीनं काढलं. खाली मूळ चिरा निघाला आणि त्याला बाहेरच्या बाजूला उतार होताच. नव्वद वर्षांपूर्वीच्या माणसानं दिलेला, नंतरच्यानं बुजवलेला. त्यावर भिजवून मुरवलेला चुना एक भाग आणि वाळू तीन भाग असा गिलावा, वीतभर रुंदीला पाऊण इंच उतार, चौकटीला लागून नीट दाबलेला आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवलेला. ठिगळ घातलेल्या उंबऱ्याच्या पुढे आलेल्या भागाला खालून करवतीनं लांबसर एक खाच मारली. पाण्याचा थेंब खालच्या अंगानं मागे सरकत येतो, तो त्या खाचेशी येऊन अडतो आणि गळून पडतो. जुन्या दगडी कामात ही खाच सर्रास असते, आमच्याकडे लाकडात सहसा कुणी मारत नाही.

आणि वळचण. पत्र्याला दीड फुटाची जोड दिली. झापांच्या जागी आता मेअखेर हिरवी शेडनेट बांधतो, पण झापांच्याच अंतरावर, भिंतीपासून हातभर सोडून. गावात बरेच जण निळं प्लास्टिक थेट भिंतीला बांधतात. त्याच्या मागे भिंत घामेजते, आणि ज्याच्यासाठी बांधलं तेच होतं.

पहिला पाऊस झाल्यावर काकांनी फोनवर सांगितलं की पोतं कोरडं आहे. दिवाळीत मीटर लावला तेव्हा तळाचा कोपरा १८ वर होता. अजून वरच्या भागाइतका नाही, पण रेषेच्या खाली. डावं झडप आषाढ-श्रावणात घट्ट होतं, दोन्ही हातांनी ओढावं लागतं, आणि काकांना रंधा हवा आहे. तो मी मारू देत नाही. तळपट्टीच्या एका सांध्यावर रंगाला केसाएवढी चीर गेली आहे. ती दर वर्षी शेडनेट बांधायच्या आधी खरवडून, तेलाचं बोट लावून, ब्रशनं बुजवायची असं ठरलं. खर्च मालावर थोडा आणि मजुरीवर जास्त झाला. मेस्त्रींची पूर्ण मजुरी धरली तर नव्या मलेशियन सालाच्या खिडकीपेक्षा फार स्वस्त पडलं असं म्हणता येणार नाही.

स्वयंपाकघरामागची खिडकी मात्र यंदा काढली. तिला पाण्यानं नाही, वाळवीनं खाल्लं होतं. बाहेरून रंग धड, टिचकी मारली तर पोकळ आवाज, आणि सुरी घातली तर आत माती. भिंतीत शिरलेली दोन्ही टोकं नुसती मातीची नळी झाली होती, तेव्हा ठिगळ लावायला धड लाकूडच उरलं नव्हतं. चौकट कापून काढली, भिंतीतलं वारूळ पायापर्यंत खोदून औषध घातलं, आणि तिथं मेस्त्रींनी त्यांना हवी तशी नवी चौकट बसवली. जुनीची दोन वरची झडपं शाबूत होती. ती नव्या चौकटीला बसत नाहीत, म्हणून सुटी करून माळ्यावर ठेवली आहेत, पश्चिमेच्या दुसऱ्या खिडकीला तळपट्ट्या लागतील तेव्हा कापायला.